नळाले पाणी आलं का?

पहिल्याच भेटीत पोरानं पोरीला काय विचारावं? नाव विचारावं, गाव विचारावं... नरहरीनं विचारलं, "लघवी झाली?"

रत्नमालानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर ती बसलेली, वडील मारोतराव बाहेर पानठेल्यावर, आणि हा कोण कुठला सावळा, उंच आगाऊ!

"तुमाले काय करा लागते?"

"मी नवा टेक्निशियन. मशीन आता मीच लावीन. पूछना पडता है."

"नाही झाली," ती म्हणाली आणि भिंतीकडे बघू लागली.

ती मुळातच संशयी नव्हती, जगानं केली होती. किडन्या गेल्या तशी ठरलेली सोयरीक मोडली. पुढं मद्रासला कुणा अनोळखी मेलेल्या माणसाची किडनी तिला मिळाली, पण ती काही चालेना. बर्फात ठेवून आणलेली किडनी कधी कधी कित्येक आठवडे झोपून राहते, तोवर मशीन लावा, असं तिथले डॉक्टर म्हणाले. नंदिनी नगरात शेजारी राहणाऱ्या मैनाबाईंना ते पटलं नाही. "आत काई टाकलंच नसन पोरी, नुसते टाके मारले." रत्नमालालाही तेच वाटू लागलं होतं. ही जागी झाली नाही, तर दुसरी कोण देणार होतं?

नरहरीला मात्र तिची लाज कळली. पुढच्या खेपेला त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "नळाले पाणी आलं का?"

मारोतराव शेजारीच होते. "येते नं बाप्पा सकाळी, पण धार लय बारीक."

रत्नमाला पदरात तोंड घालून हसली. किती दिवसांनी हसली! आणि लगेच मनात पाल चुकचुकली... बाकीच्यांना हा सरळ विचारतो.

"मलेच कावून असं विचारता? कीव येते माही?"

"उतई गावावरून रोज सायकल दामटत येतो मी. कीव तर तुमी माही करा."

दिवस असेच चालले. तो सुई इतकी हळू टोचायचा की तिला त्याचाही संशय यायचा. डोळे बोलायचे, तोंड नाही. हा कशाची वाट बघून राहिला?

मग एका सकाळी, न्हाणीघरात, ते झालं. रत्नमाला तिथंच बसून रडली. पण आईलासुद्धा सांगितलं नाही. आधी तिला त्याचं तोंड बघायचं होतं.

"नळाले पाणी?" नरहरीनं विचारलं.

"नाही."

त्याचा चेहरा उतरला. हातात सुई, रक्त तपासायची रिकामी नळी... तो स्टुलावर बसला.

"मग आजच विचारतो. किडनी जागी झाल्यावर विचारलं असतं, तर तुमी म्हटलं असतं, माल चालू होते का नाही ते पाहून राहिला होता. सुभाव माहीत हाय तुमचा." त्यानं सुई बाजूला ठेवली. "माह्याशी लगन करता?"

"रक्ताचा रिपोर्ट पाहिला असन तुमी."

"रक्त तर आता काढून राहिलो!"

रत्नमालानं त्या रिकाम्या नळीकडे पाहिलं. संशयाला शिरायला फटच उरली नव्हती, आणि तिला भरून आलं.

"मी खोटं बोलली... आलं पाणी. सकाळी."

"किती?"

"लोटाभर."

तो ताडकन उठला. "हे लपवाची गोष्ट हाय? फुकट मशीन लावली असती नं मी!" बोलता बोलता त्याचेच डोळे भरले. रक्त तपासून डॉक्टरांनी आज मशीन नको म्हणून सांगितलं, तेव्हा त्यानं पेला काठोकाठ भरून तिच्यापुढं धरला. इतके दिवस तिनं पाणी घोटाघोटानं मोजून प्यायलं होतं.

"इतकं?" तिनं संशयानं विचारलं.

"इतकं. आणि माह्या प्रश्नाचं काय?"

तिनं अख्खा पेला रिकामा केला, ओठ पुसले. पान चघळत मारोतराव आत आले आणि दोघांची तोंडं बघून दारातच थबकले.

"काय झालं वं?"

"बाबा, नळाले पाणी आलं," रत्नमाला नरहरीकडे बघत म्हणाली. "आणि जावई बी."