मिठागरातली साथ

त्या दिवशी निघताना आमचं भांडण चाललं होतं ते भावनाच्या डबल बासवरून. माणसाएवढं उंच ते वाद्य टेम्पोत आडवं ठेवायचं की उभं, हा वाद आमच्यात दर कार्यक्रमाला होतो. वागळे इस्टेटमध्ये एका छापखान्यावरच्या गाळ्यात आमची तालीम चालते. तिथला जिना अरुंद. आधी माझे ड्रम, मग संचिताचा सॅक्सोफोन, आणि शेवटी ते धूड खाली उतरवायचं. नयन आमची गायिका. गाण्याआधी तिने वजन उचलू नये म्हणून आम्ही ओरडतो, पण ती ऐकत नाही.

नयनबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ती डोंबिवलीची. वडील कोर्टाबाहेर टायपिंग करायचे, घरात गाणारं कुणी नाही. लहानपणी शास्त्रीय शिकली, आणि कॉलेजात कुणाच्या तरी घरी जॅझ ऐकून जी बिघडली ती बिघडलीच. सुरुवातीला पुरुषांच्या बँडमध्ये गायची. तिथे तिला सांगितलेलं, तू सुरुवात गा आणि शेवट गा, मधलं आम्ही बघतो. आता जॅझमध्ये जे काय असतं ते मधेच असतं. तिथे गाणं ठरलेलं नसतं, त्या क्षणी जे सुचेल ते. तेच तिला नाकारलेलं. मग तिने तो बँड सोडला आणि बायका शोधायला लागली. मी तेव्हा ठाण्याच्या एका ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायचे. मिरवणूक संपल्यावर ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "तू तालाच्या मागे पळत नाहीस. त्याला येऊ देतेस. नाव काय तुझं?"

"रुचिता."

"ये माझ्याकडे."

मी गेले. अजून तिथेच आहे.

शहाडला एका सोसायटीच्या कार्यक्रमात मधेच लाइट गेलेले. माइक बंद, पंखे बंद, खुर्च्या सरकवत लोक उठायला लागलेले. नयन अंधारात तशीच गात राहिली, आवाज जराही न चढवता. उठलेले लोक हळूहळू परत बसले. अशी बाई आहे ती. आम्हाला एकच गोष्ट शिकवते: आधी ऐका, मग वाजवा.

तर त्या दिवशीचा कार्यक्रम हळदीचा होता. नवरदेव प्रितम, आगरी घरातला, दिवा स्टेशनच्या पलीकडे खाडीला लागून त्यांचं गाव. आजोबा-पणजोबांची मिठागरं होती, आता इमारती आणि गोडाऊनं आहेत. प्रितमने आम्हाला ठाण्याच्या एका कॅफेत ऐकलेलं. "डीजे आहेच ताई नंतर," तो म्हणाला. "पण संध्याकाळी पहिलं तुमचं पाहिजे. माझी होणारी बायको तुमची फॅन आहे."

शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडून पोचलो तेव्हा ऊन कललेलं. मोठा मांडव, हळदीच्या पिवळ्या साड्या, मटणाचा वास. स्टेज मात्र मांडवाच्या अगदी टोकाला होतं. मागे कापडी पडदा, पडद्यामागे मोकळी जमीन, आणि तिच्या पलीकडे जुना बांध. बांधापलीकडे खाडी. मीठ पिकायचं थांबून कितीतरी वर्षं झाली असतील, पण जमीन अजून पांढुरकी होती आणि त्यावर गवताचं पातं नव्हतं. वारा तिकडून आला की खारट चिखलाचा वास यायचा, ओल्या केसांसारखा.

आवाजाची चाचणी सुरू झाली. गाण्याच्या मधल्या भागात नयन शब्द सोडून देते आणि नुसते बोल गाते. दा, बा, दू, वी, जे तोंडात येईल ते. त्यांना अर्थ नसतो. त्या दिवशी ती गायला लागली आणि थोड्या वेळाने तिच्या तोंडून आलं, "आव-डे... आव-डे-ए..."

संचिताने सॅक्सोफोन खाली घेतला. "काय आवडे? कुणाला आवडे?"

नयन हसली. "काय माहीत गं. आपोआप आलं."

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच आलं, लांबवलेलं, शेवटी वर चढवलेलं. शेतात कुणी लांबून हाक मारावी तसं. नयन थांबली आणि तिने गळ्यावर हात ठेवला. आता ती हसत नव्हती.

तेवढ्यात प्रितम पाण्याच्या बाटल्या घेऊन आला. "ताई, भारी! आजीचं नाव टाकलं गाण्यात? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कुठल्या आजीचं?"

"माझ्या. आवडाबाई. लहानपणी तिला आवडे म्हणायचे सगळे." त्याने पहिल्या रांगेत बोट दाखवलं. पांढऱ्या केसांची, छोटीशी, वाळकी म्हातारी. हिरवं लुगडं, अंगावर ठसठशीत सोनं. ती आमच्याकडे पाहत नव्हती. तिची नजर पडद्याकडे होती.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सूर्य टेकलेला आणि भरती चढत होती. पहिली दोन गाणी छान गेली. बायका नवरदेवाला हळद लावत होत्या, पोरं नाचत होती, नवरीकडच्या मुली पुढे येऊन टाळ्या वाजवत होत्या. नयन अशा वेळी जी उजळते, ती पाहण्यासारखी असते. मग तिसरं गाणं संथ लयीचं. मी काठ्या ठेवून तारांचे ब्रश घेतले. आणि माझ्या लक्षात आलं की ड्रमचं कातडं ओलं झालंय. ब्रश सरकत नव्हते, चिकटत होते. बोट लावून जिभेला लावलं. खारट.

नयनने शब्द सोडले.

"आव-डे... आव-डे-ए-ए..."

तिचा आवाज खोल आहे, जाडसर. हा तिचा नव्हता. बारीक, पोरसवदा, वाऱ्यावरून आल्यासारखा. मी तिच्याकडे पाहिलं. तिने तोंड मिटलेलं होतं. ओठ घट्ट, डोळे मोठे झालेले. आणि स्पीकरमधून आवाज येतच होता.

साउंडवाला रवींद्र समोर बसलेला. त्याने एकेक बटण खाली ओढलं. मग दोन्ही हात वर करून आम्हाला दाखवले. सगळं बंद होतं.

मांडवात कुणाला काही कळलं नाही. गाणंच चाललंय असं वाटलं त्यांना. फक्त पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामी झालेली. आवडाबाई उठली होती. स्टेजच्या कडेने, हाताने पडदा बाजूला सारत, ती मागे निघाली होती. नातवंडांना ती दिसलीही नसेल. हळदीच्या गडबडीत एक म्हातारी उठून गेली, एवढंच.

नयनने मात्र पाहिलं. आधी पडद्याकडे, मग माझ्याकडे. आमच्यात खूण आहे, मूठ मिटून गोल फिरवायची. म्हणजे वाजवत राहा, थांबू नका. तिने ती केली, बिनतारी माइक हातात घेतला आणि मागच्या फळीवरून खाली उतरली.

माझे ड्रम स्टेजच्या मागच्या अंगाला होते. वाऱ्याने पडदा उडाला की मला पलीकडचं दिसायचं, पडला की नाही. जे दिसलं ते असं तुकड्यातुकड्याने. बांधावरून उतरणारी हिरवी आकृती. तिच्यामागे धावणारी नयन. मग पाणी, काळं, चढलेलं, आणि त्यात गुडघ्यापर्यंत उभी असलेली आवडाबाई. माइक अजून चालू होता. रवींद्रने बंद केलेला तरी चालू होता. बोलणं मांडवात पोचत नव्हतं, पण माझ्या पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"आजी... आजी, थांबा. कुठे चाललात?"

"मना जाऊ दे गो बाय." म्हातारीचा आवाज शांत होता. "माजी भयन हाय ती. तुलसा. कवाची हाक मारतं..."

"आव-डे-ए..." पाण्यावरून.

"कधी गेली ती, आजी?"

"बांध फुटला तवा. आमी दोघी मिठागराव होतू. मना लोकांनी धरून ठेवली... ती हाक मारत ऱ्हायली." श्वास. पाण्याचा चुबुक आवाज. "गावली नाय ती. मी आता जाताव."

मी वाजवत होते. भावनाने माझ्याकडे वळून पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडलेले. तीही थांबली नाही. संचिता तर रडत होती आणि रडता रडता सॅक्सोफोनचा तो एक सूर धरून होती. आम्हाला इतकंच ठाऊक होतं की तिकडे नयन आहे आणि तिच्या पायाखाली काहीतरी हवं. ते आम्हीच होतो.

मला वाटलेलं, ती म्हातारीला ओढून आणेल. तिने तसं केलं नाही. तिने आधी ऐकलं. हाक आली, तिने येऊ दिली, पूर्ण होऊ दिली. मग हळूच विचारलं, "आजी, काम संपलं की तुम्ही काय ओरडायचात? घरी जायच्या वेळी?"

पडदा उडाला तेव्हा म्हातारी बांधाकडे वळून पाहत होती.

"सुटली..." म्हातारी म्हणाली. "सुटली गो सुटली, घरा चला... बांधावरनं कोनतरी वरडायचा. मग समदे यायचे."

"त्या दिवशी कोणी ओरडलं होतं?"

"नाय बाय. कोन वरडल..."

आणि नयन गायली.

मी तिला इतकी वर्षं ऐकत आलेय. बंद माइकवर, बसक्या घशाने, रिकाम्या हॉलमध्ये, सगळीकडे. तसं ती कधी गायली नव्हती. "सुटली गो... सुटली..." खालून, पोटातून, रुंद. हाक जिथे वर चढून अधांतरी सुटायची, तिथे खाली जाऊन ती तिला झेलायची आणि अलगद बांधाकडे आणायची. जॅझमध्ये हेच तर करतात. समोरच्याचा सूर घ्यायचा, त्याला उत्तर द्यायचं, त्याला घरी आणायचं. पण समोर कोण होतं ते माहीत असताना, चढत्या पाण्यात, एका हाताने म्हातारीचं मनगट धरून? नंतर ती मला म्हणाली, "मला पोहता येत नाही यार. पायाखालचा चिखल सरकत होता. वाटत होतं, सूर सुटला की आम्ही दोघी जाणार."

तिचा सूर सुटला नाही.

हाक बदलली. आता ती नाव घेत नव्हती. नयनचेच शब्द परत येत होते, बारीक आवाजात. "सुटली गो..." आधी लांबून. मग बांधाच्या अलीकडून. मग आमच्या पडद्यामागून. माझ्या डाव्या हाताला एकदम गार लागलं, ओल्या केसांचा वास आला, आणि तो आवाज माझ्या आणि भावनाच्या मधून पुढे गेला. हळदीच्या गर्दीतून, दिव्यांच्या माळांखालून, प्रितमच्या घराच्या दिशेने. दाराशी पोचून थांबला. वारा थांबला, पडदा पडला, आणि मी ब्रश खाली ठेवले.

टाळ्या वाजल्या. खूप वाजल्या.

नयन म्हातारीला धरून परत आली तेव्हा दोघींची वस्त्रं कमरेपर्यंत भिजलेली. बायका धावल्या, "आजी, काय झालं? पडलीस का?" आवडाबाईने नयनचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, कडाकडा बोटं मोडली. म्हणाली, "आयली बाय. तू आनलीस." आणि घराकडे चालू लागली, एखादी तरणी पोर चालेल तशी भरभर.

परतताना टेम्पोत भावनाने नयनच्या खांद्यावर डोकं ठेवलेलं. डोंबिवलीला उतरताना नयन एवढंच म्हणाली, "मी तुलसाला घरी जा म्हटलं. तेवढंच सुचलं गं. बरोबर केलं ना मी?"

"तू एका बाईचा जीव वाचवलास," मी म्हटलं. ते खरं होतं. अजूनही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी लग्न होतं. दुपारी आम्ही गाळ्यात ड्रम पुसत बसलेलो. प्रितमचा फोन आला. मागे सनई, माणसांचा गोंधळ. नयनने फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, एक विचारायचं होतं. तुमच्या बँडमधलं कोणी इकडे राहिलंय का काल?"

"नाही. आम्ही सगळ्या परत आलो. का?"

"नाही, म्हणजे... आजी सकाळपासून खोलीचं दार उघडत नाहीये. वऱ्हाड निघायचं आहे. आतून गाण्याचा आवाज येतोय. दोघी जणी गातायत."

नयनने माझा हात पकडला. "प्रितम, आजी ठीक आहेत ना? बोलल्या का काही?"

त्याने आवाज एकदम खाली आणला, कुणी ऐकू नये म्हणून आणतात तसा.

"तेच कळत नाहीये ताई... त्यातली आजी कोणती ते ओळखता येत नाहीये. दोन्ही आवाज लहान पोरींचे आहेत."