रुईची अकरा पानं

लवूची आणि दमयंतीची ओळख झाली ती एका अळीमुळे. लोकांना प्रेमात पडायला चांदणं लागतं, यांना अळी पुरली!

गिरणीचा संप सहा महिने रेंगाळला होता. हाताला काम नाही म्हणून लवूने रे रोडच्या रुळांकडून रुईचं रोप आणून गॅलरीत डब्यात लावलं होतं. लालबागच्या त्या चाळीत नव्याने राहायला आलेली दमयंती केर काढत होती. उंबऱ्यापाशी पट्टेरी अळी दिसताच तिने झाडू उगारला.

"ओ... मारू नका! पाहुणी आहे माझी."

"पाहुणी? मग जेवायला काय वाढता हिला?"

"रुईचं पान. दुसरं तोंडात घेत नाही. पंधरा दिवसांनी बघा, केशरी फुलपाखरू होईल."

"आणि तुम्हाला काय मिळेल?"

"बघायला कुणी येईल ना... तुमच्यासारखं."

दमयंती लाजून आत पळाली. पण त्या दिवसापासून तिचे कपडे रोज त्याच टोकाला वाळू लागले, आणि महिनाभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं.

मग एका शुक्रवारी लवू म्हणाला, "हा महिना बघायचा, नाहीतर गावी—"  दमयंतीने मारुतीला साकडं घातलं: संप मिटू दे, उद्याच रुईच्या अकरा पानांची माळ घालते. ज्याच्यासाठी नवस, त्याच्याच रोपाची पानं हवीत, असं तिने आपलं आपणच ठरवलं. शनिवारी पहाटे तिने रुईची पानं खुडली. पाठीला खसखशीएवढे पांढरे ठिपके होते. देवाला मळकं पान कसं वाहायचं? तिने ओल्या फडक्याने ते पुसून काढले.

संध्याकाळी लवू ओक्याबोक्या रोपासमोर उभा होता. "अंडी होती गं पानांखाली. तुला आज दाखवणार होतो."

दमयंतीला पहाटे पुसलेले ठिपके आठवले. तेवढ्यात तो शेजारच्या पुतळाबाईवर कडाडला, "तुम्हीच तोडली! माझा डबा तुमच्या डोळ्यांत सलतो!"

"मी कशाला हात लावू रं तुझ्या पाल्याला?" मासळीची पाटी उतरवता उतरवता म्हातारी रडकुंडीला आली. आणि दमयंती? ती खालमानेने उभी राहिली.  अंडी अजाणता पुसली होती, पण हे गप्प राहणं जाणूनबुजून होतं. रात्रभर तिला स्वतःची किळस येत राहिली.

सकाळी पुतळाबाई लवूकडे न बघताच पाटी उचलत होती. दमयंतीने तिचा हात धरला, तिला लवूसमोर नेलं आणि म्हणाली, "पानं मी तोडली. काल गप्प बसले... लाज वाटते मला."

"तू? अगं, पण का?"

"मारुतीला माळ घातली. संप मिटावा... तू जाऊ नयेस म्हणून."

लवूचाही चेहरा पडला. आधी तो पुतळाबाईच्या पाया पडला. "चुकलो, मावशी."

"ऊठ रं," म्हातारी म्हणाली, "माझं जाऊ दे. तिच्याकडे बघ."

तो दमयंतीकडे वळला. "मारुतीला कशाला सांगितलंस? मला सांगायचं होतंस."

दमयंतीला मान वर करवेना. पुतळाबाई तिथेच उभी होती, अर्धी चाळ दारात आली होती.

"जाऊ नकोस," ती सगळ्यांदेखत म्हणाली.