शिंप्याचा सांगाडा

सूनबाईचं एक वागणं सासूबाईंना मुळीच पटलं नाही. संशय घ्यायचाच तर तोंडावर घ्यावा. सकाळपासून चहाचा कप आदळायचा, बोलताना भिंतीकडे बघायचं आणि काय झालं विचारलं की "काही नाही, आई" म्हणायचं, ही कुठली रीत?

झालं होतं ते असं. सूनबाई दिवसा दातांच्या दवाखान्यात पावत्या फाडायची आणि घरी आली की कॉम्प्युटरवर माणसं चालवायची. आधी आतला हाडांचा सांगाडा करायचा, सांधे जुळवायचे, त्याला चालणं-बसणं शिकवायचं, मग वर कातडी आणि कपडे चढवायचे. अशा हौशी मंडळींचा एक ग्रुप होता. एकमेकांना सांगाडे द्यायचे, मागून घ्यायचे. रविवारी सगळ्यांच्या फिल्म एकत्र दाखवायच्या होत्या.

त्यासाठी वर्षभर खपून सूनबाईने एक म्हातारा केला होता. तिचे वारलेले सासरे. ग्रुपमध्ये तो अजून कुणी पाहिला नव्हता. आज सकाळी उघडून बघते तर म्हातारा गायब. कॉम्प्युटरलाच लावलेल्या पेनड्राइव्हवर दुसरी प्रत होती, तीही पुसलेली.

संशय सासूबाईंवर यायला कारण होतं. आठवड्यापूर्वी, लेक-जावई जेवायला आलेले असताना, सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या होत्या की गेलेल्या माणसाला असं नाचवू नये, पुसून टाक ते. त्यांनी तो कुणासमोर लावूही दिला नव्हता.

खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सासरे शिंपी. इस्त्रीची रेघ मोडलेली त्यांना खपायची नाही. कुठेही बसायचं तर आधी दोन्ही गुडघ्यांवर चिमटीने कापड वर ओढायचे, मगच टेकायचे. दवाखान्यातल्या खाटेवरसुद्धा. ते पुन्हा बघायचं बळ सासूबाईंच्या अंगात नव्हतं. बळ नसलं की त्या रागवायच्या.

आता चोर आपणच शोधायचा, असं त्यांनी ठरवलं. पहिलं धरलं मुलाला.

"काल तिच्या कॉम्प्युटरला कोणी हात लावला?"

"दाढीने. नंतर तुझ्या जावयांनी."

"आणि तू?"

मुलगा म्हणाला, जेवतानाही हिचं लक्ष त्या हाडांतच असतं याचा वैताग येतो, पण बाबांना पुसायला माझा हात धजणार नाही. मग जरा घुटमळून त्याने विचारलं, "आई, खरं सांग. तू नाहीस ना?"

सासूबाईंनी त्याच्याकडे दाढीचा नंबर मागितला.

दाढी म्हणजे ग्रुपमधला झेरॉक्सवाला. त्याला फोन लावला तेव्हा तो घाबरला, पण सरळ बोलला. बेडकाचा सांगाडा हवा होता, तो वहिनींनी काल सकाळी कामावर जाण्याआधी स्वतः शेजारी बसून दिला. तेवढ्यावर तो गेला. सूनबाईनेही मान डोलावली.

जावई दुपारी आले होते. तेही त्याच ग्रुपमधले. एक प्रिंट काढायची म्हणाले. सूनबाई दवाखान्यात होती, सासूबाई स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. पण जावई म्हणजे बोलायला मऊ, वागायला सरळ. लग्न झालं तेव्हा सासरे हयातही नव्हते, त्यांना त्यांनी फक्त फोटोत पाहिलेलं. त्यांचं काय वाकडं असणार?

"रविवारसाठी बाकीच्यांनी काय काय पाठवलंय ते दाखव," सासूबाई म्हणाल्या.

सूनबाईने नाइलाजाने लावलं आणि भिंतीकडे बघत बसली. दाढीचा बेडूक उड्या मारून गेला. कुणाची तरी परी भिंतीला धडकली. मग जावयांचं अस्वल डुलत आलं, बाकापाशी थांबलं, दोन्ही गुडघ्यांना पंजे लावून खाली बसलं.

"हे परत लाव."

दुसऱ्यांदा बघून त्या उठल्या आणि लेक-जावयाला जेवायला बोलवायला सांगितलं.

मग त्या भाजी निवडायला बसल्या. गप्प राहिलं तर खापर आपल्या डोक्यावर, पण लेकीचा संसार सुखाचा. बोललं तर त्यात मिठाचा खडा पडेल. पण जावयांनी पुसलं होतं ते कुणाला?

जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर अस्वल लावायला लावलं.

"जावईबापू, याचा सांगाडा कोणी केला?"

"मीच, आई. पहिल्या हाडापासून."

"मग बसताना ते गुडघ्यावर काय धरतंय?"

जावई हसले. "असते एकेकाला लकब."

"अस्वलाला पँट कुठली?"

सासूबाई शांतपणे बोलत राहिल्या. "कातडी तुम्ही बदललीत, तोंड बदललंत. चालणं-बसणं सांगाड्यासोबत आलं, ते तसंच ठेवलंत. ही चिमटी फोटोत दिसत नाही आणि जित्या माणसाला तुम्ही भेटला नाहीत. ती तुम्हाला या एकाच कॉम्प्युटरवर मिळणार होती. दोन्ही फिल्म लागल्या असत्या तर चाल एकच दिसली असती, म्हणून म्हातारा पुसलात. मी आधीच तोंड वाजवून बसले होते. आळ माझ्यावर येणार, हे तुम्ही ऐकूनच गेला होतात."

लेक पडद्याकडे बघत होती. "बाबा असेच बसायचे," ती हळूच म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "मागितला असतास तर वहिनीने दिला नसता का?"

"दरवेळी टाळ्या तिलाच पडतात," जावई मान खाली घालून म्हणाले. सांगाडा आत्ता पाठवतो, अस्वल काढून घेतो, असंही पुटपुटले. लेकीने पर्स उचलली आणि त्यांची वाट न बघता जिना उतरून गेली. सासूबाईंना तिची पावलं खालच्या दारापर्यंत ऐकू आली.

सांगाडा आला. सूनबाईने उघडला, आणि सासूबाईंनी पहिल्यांदाच तिच्या शेजारी खुर्ची ओढली. पडद्यावर चेहरा नव्हता, कपडे नव्हते. नुसती हाडं चालत आली, नसलेलं कापड गुडघ्यांवरून चिमटीने वर ओढलं आणि बाकावर टेकली.

सूनबाईचे डोळे भरून आले. "आई, मी तुम्हाला..."

"यापुढे संशय आला तर कप आदळायचा नाही, मला विचारायचं," सासूबाई म्हणाल्या. "आणि चाल त्यांचीच आहे. चिमटीही त्यांचीच. पण बसले की ते जरा सरकायचे, मला जागा करायला. तेवढं राहिलंय तुझ्याकडून."