दोन माईकमधली बाई

टण्ण...

लतामावशीच्या हातातलं पातेल्यावरचं झाकण फरशीवर पडलं.

कुणाला खोटं वाटलं तर वाटो. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय. साल १९८३, दिवाळीनंतरचा रविवार, भर सकाळ. नाशकात, द्वारका चौकाजवळच्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर.

मावशीचे यजमान, जयरामकाका, ओझरच्या कारखान्यात कामाला. सुट्टीला ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. वडील आजारी म्हणून मावशी आठवडाभर माहेरी, नामपूरला गेली होती. त्यांची तीन वर्षांची मुलगी छबी काकांपाशीच राहिली. त्याच दिवसांत काकांनी घरी अँप्लिफायरसमोर दोन माईक लावून आपली गिटार टेप केली होती. ती ऐकायला आज त्यांचा मित्र गोरक्ष आला होता. लाऊडस्पीकरचा धंदा त्याचा.

आधी एकेक माईक ऐकला. गिटार झकास!

मग दोन्ही एकत्र लावले...

गिटार गायब.

"जय्या, एका माईकच्या वायरी उलट्या जोडल्यास की रे!" गोरक्ष हसला. "एक ढकलतो, दुसरा ओढतो. दोघांनी सारखं ऐकलं ते मरतं. एकानेच ऐकलं असेल तेवढं उर..."

तो बोलता बोलता थांबला.

खरंच काहीतरी उरलं होतं.

बाईचं गुणगुणणं... हळू... माईकला ओठ लावल्यासारखं.

झाकण पडलं ते तेव्हा.

"कोण आली होती?" मावशीने विचारलं.

"अगं, कोण येणार? मी आणि छबी."

"हा छबीचा आवाज आहे?"

गोरक्षने सावरून घेतलं.

"वहिनी, कधी कधी रेडिओबिडिओ घुसतो मधेच..."

"भाऊजी, तुम्ही नका यांची बाजू घेऊ. आता माझ्यासमोर टेप करा. आणि वायरी तशाच राहू द्या."

मावशीने दाराला आतून कडी घातली. खिडक्या ओढून घेतल्या. छबीला कडेवर घेऊन ती उजव्या माईकपाशी उभी राहिली, ओठ घट्ट मिटून. आज तो आवाज आला नाही, तर तेव्हा घरात बाई होती हे नक्की. मग पोरीला उचलायचं आणि कायमचं माहेर.

काकांनी वाजवलं. बोटं चुकत होती.

गोरक्षने टेप मागे घेतली. बटण दाबलं.

गिटार मेली. नुसती खरखर...

मावशीचे डोळे भरून आले.

आणि मग...

तेच गुणगुणणं. उजव्या माईकमध्ये. या वेळी आणखी जवळ.

"वहिनी... तुम्ही गात होतात?"

मावशीने मानेनेच नाही म्हटलं. काकांनी तिचा हात धरला. तिने धरू दिला. नवऱ्यावरचा संशय त्या क्षणी गेला. त्याच्या जागी जे येऊन बसलं, ते मात्र अजून उठलेलं नाही, असं ती म्हणते.

कारण तेवढ्यात छबीने तिच्या खांद्यावर डोकं टाकलं. पेंगुळलेले डोळे मिटत आले. आणि ती गुणगुणायला लागली.

तोच सूर...

टेपच्या एक पाऊल पुढे. टेपमध्ये जे अजून यायचं होतं, ते छबी आधीच गात होती.

"छबे... बाळा, हे कुणी शिकवलं गं तुला?"

छबी गोड हसली. लाडात येऊन तिने आईच्या गालावरून हात फिरवला.

"आई, तू परत नामपूरला कधी जाणार?"