कोरडा पेला

सकाळी अकराच्या सुमाराला माणसाचं नाक सगळ्यात शहाणं असतं. न्याहारी जिरलेली असते आणि जेवणाची भूक नुकती कुठे जागी होत असते, म्हणून आमच्या व्हिस्कीच्या भट्टीत वास घ्यायचं काम त्याच वेळेला चालतं. समुद्राकडच्या खोलीत एक लांब टेबल आहे. त्यावर निळ्या काचेचे पेले मांडतात आणि प्रत्येकावर काचेची एक चकती झाकतात. पेले निळे अशासाठी, की आतला रंग दिसू नये. रंग दिसला की माणूस नाकाऐवजी डोळ्यांनी बोलायला लागतो. अत्तर लावून यायचं नाही. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि गिळायचं तर मुळीच नाही. जिभेवर फिरवायचं आणि बादलीत थुंकायचं. गिळतात ते पर्यटक.

मी एफी मॅकएकर्न. आयला बेटावरच्या या भट्टीचं नाक मी आहे असं लोक म्हणतात. ते खरंच आहे, उगाच लाजायचं कशाला?

त्या जानेवारीत टेबलाशी बसले तेव्हा माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. कंपनीच्या एडिनबरोच्या कचेरीला भट्टीच्या वर्धापनासाठी एक खास बाटली काढायची होती, एखाद्या जुन्या कामगाराच्या नावाची. त्यांनी नाव ठरवलं 'हेक्टरचं पिंप'. हेक्टर म्हणजे माझे बाबा. चवीचं वर्णन मी लिहायचं, कारण मुलीनं लिहिलं की लोकांच्या काळजाला भिडतं म्हणे.

बाबा आंबवणाच्या हौदावर कामाला होते. तिथे भिजलेल्या जवाचं पाणी मोठमोठ्या लाकडी हौदांत फसफसत असतं. त्यातून एक वायू निघतो, तो नाकाला झोंबतो आणि श्वास बंद करतो. तो बाहेर ओढायला छताशी पंखा असतो. मी शाळेत होते तेव्हा एका दुपारी बाबा हौदात पडले आणि गेले. चौकशीत कंपनीनं सांगितलं, पंखा ठणठणीत होता, माणूस प्यायलेला होता.

माझ्या बाबांनी जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. चर्चमध्ये प्रवचन लांबलं की म्हातारे पांढऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या चघळतात ना, त्या ते दिवसभर चघळायचे. तेवढंच काय ते व्यसन. तर चौकशीत पाळीचा प्रमुख उभा राहिला आणि म्हणाला, दारूचा वास मारायलाच तर हेक्टर गोळ्या खायचा. झालं. निकाल लागला. आमच्या बेटावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतात. त्यानंतर आईसाठी लोक बोट उचलायचे, पण नजर दुसरीकडे ठेवून. आई मरेपर्यंत चर्चच्या शेवटच्या बाकावर बसली.

आणि मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या स्वेटरला जळक्या रबराचा वास होता. "पंख्याचा पट्टा जळतोय," ते आईला म्हणाले, "सांगितलंय मी प्रमुखाला. म्हणतो, एवढी पाळी निघू दे." मी हे चौकशीवाल्यांना सांगितलं होतं. त्यांनी माझ्या हातात बिस्कीट दिलं. पोरीच्या नाकावर कोण विश्वास ठेवणार? ते बिस्कीट आठवलं की अजून माझे हात शिवशिवतात.

तो पाळीचा प्रमुख म्हणजे इव्हर गिलेस्पी. आता तो भट्टीचा मॅनेजर आहे. त्या सकाळी माझ्या अगदी समोर बसून तो पेल्यांच्या चकत्या सरळ करत होता.

आम्ही चौघं होतो. तिसरा डूगल शॉ, गोदामातला, सगळी हयात पिंपांत गेलेला. चौथी ऐल्सा, एडिनबरोहून आलेली, बाबा गेले तेव्हा जन्मलीही नव्हती. बाटल्या भरायचं पिंप तिनंच निवडलं होतं. "हेक्टर यांच्या अगदी शेवटच्या आठवड्यातला माल आहे हा, तेव्हापासून लाकडात मुरलेला," ती म्हणाली. इव्हरनं एकदा खाकरून घेतलं.

चकत्या उचलल्या.

पहिला वास नेहमीचा. जव वाळवायला जाळतात त्या आमच्या दलदलीच्या मातीचा, पीटचा, धूर. मीठ, डांबर, वाळलेली संत्र्याची साल. माल उत्तम होता आणि त्याचाही मला राग आला. थोडं थांबून मी पुन्हा नाक नेलं. ओली लोकर. त्यात नवल नव्हतं, जुन्या व्हिस्कीत ओली लोकर येते. त्यामागून लाल कार्बोलिक साबण, बाबा हात धुवायचे तसला. तोही येतो कधीकधी. मी लिहून काढलं, मान वर केली नाही.

सगळ्यांचं झाल्यावर ऐल्सानं आपलं वाचायला घेतलं. "धूर, मीठ, लोकरीचा ओला स्वेटर. साबण. मग पेपरमिंट." ती हसली. "म्हणजे ती पांढरी गोळी. आजी चर्चमध्ये माझ्या हातात सरकवायची ना, तीच."

डूगलनं पेला खाली ठेवला. "मलाही गोळीच आली," तो म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

"पुदिन्यासारखं काहीतरी असतंच," इव्हर म्हणाला. "पुढे चला."

"आणखी एक आहे, पण ते जरा वाईट आहे," ऐल्सा म्हणाली. "जळकं रबर. जुन्या यंत्राचा पट्टा जळतो तसं."

माझ्या कागदावर तेच लिहिलेलं होतं.

"आधी शेरी वाइन भरलेलं पिंप आहे," इव्हर घाईनं म्हणाला. "आत गंधक जाळतात, त्याचा वास राहतो. एवढंसुद्धा शिकवत नाहीत का तुम्हाला एडिनबरोत?"

"गंधक मला कळतं," मी म्हणाले. "हा पट्टा आहे, इव्हर. आणि कुठला पट्टा ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे."

"एफी, पुन्हा सुरू करू नकोस."

"मी कुठे सुरू केलं? मी तर अजून वाचलंही नाही. तुझ्या पेल्यात काय आलं ते सांग."

"मध," तो म्हणाला. "मीठ, धूर. झकास व्हिस्की आहे."

मग पाणी घालायची वेळ आली. चमचाभर पाणी पडलं की व्हिस्की उघडते, दबलेले वास वर येतात. इव्हर सोडून आम्ही तिघांनी एकदमच पेले नाकाशी नेले आणि एकदमच मागे सरकलो. नाकाला झिणझिण्या, डोळ्यांत पाणी, आणि छातीत श्वास मध्येच अडकलेला. ऐल्सा खोकत खोकत टेबल धरून उभी राहिली. हौदाच्या कडेवरून वाकलं की असंच होतं. पण ते आंबवणाशी होतं. जन्म पिंपात काढलेल्या व्हिस्कीत तो वायू असायचं काही कारणच नाही.

डूगलला सगळ्यात आधी उमगलं. "इव्हर," तो हळू म्हणाला, "हेक्टर पडला त्या हौदातलं आंबवण तू समुद्रात सोडलंस ना? तसं आम्हाला सांगितलं होतंस."

इव्हर चकतीशी खेळत बसला.

"सोडलंस ना?"

"अख्खा हौद भरलेला होता," इव्हर म्हणाला. "वरून फोनवर फोन येत होते. माणूस तर गेलाच होता. ओतून देऊन तो काय परत येणार होता?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई दरवर्षी त्या दिवशी धक्क्यावर जायची, भट्टीचं सांडपाणी जिथे समुद्राला मिळतं तिथे, आणि फुलं सोडायची. भर वाऱ्यात, डोक्याला रुमाल बांधून. आणि हा माणूस आपल्या कचेरीच्या खिडकीतून ते बघायचा.

"तू त्यांना गाळलंस," मी म्हणाले. "गाळून पिंपात भरलंस, आणि वर दारुडा म्हणालास. आता त्यांचंच नाव चिकटवून विकणार आहेस. लाज म्हणून काही असते की नाही, मेल्या?"

"पुरे," इव्हर उठला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "व्हिस्की आहे ही. नुसती व्हिस्की. तुम्ही तिघं एकमेकांच्या डोक्यात भरवताय." त्यानं आपला पेला उचलला. "ही घ्या, हेक्टरच्या नावानं." आणि गटकन गिळला.

आमच्यात कोणी गिळत नाही. त्यानं तर सगळी गिळली. चकती पेल्यावर आपटली आणि तो निघून गेला.

पेले आम्ही रिकामे करतो, पण विसळत नाही. तसेच झाकून रात्रभर ठेवतो आणि सकाळी कोरड्या पेल्याचा वास घेतो. ओल्या पेल्यात व्हिस्की थापा मारू शकते, कोरड्यात नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी एकटीच खोलीत गेले. बाहेर सगळं कडक गोठलेलं होतं.

माझा पेला हुंगून पाहिला. राख, मीठ, डांबर. डूगलचा तसाच. ऐल्साचाही तसाच. गोळी नाही, रबर नाही. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच संताप आला. एवढं हाताशी आलेलं एका रात्रीत उडून गेलं होतं.

मग इव्हरच्या पेल्याकडे लक्ष गेलं.

त्याच्यावरच्या चकतीला आतून वाफ धरली होती. मी बघत असतानाच ती विरली. काच स्वच्छ झाली. मग पुन्हा धरली, आत कोणी श्वास घेत असल्यासारखी.

माझा हात पुढे होईना. पण कोंडलेला माणूस म्हटल्यावर किती वेळ बघत बसायचं? मी चकती काढली.

पेपरमिंट. लाल साबण. ऊब.

मी पुन्हा नाक नेलं, अगदी आत. सगळं आयुष्य मी ज्या वासात काढलं तो त्यात शोधला. नव्हता. कालपर्यंत त्या पेल्यात पिंपातून काढलेली कडक व्हिस्की होती, आणि आता तिचा मागमूसही नव्हता.

दारात पावलं वाजली. डूगल आणि ऐल्सा आले. त्यांच्यामागे इव्हर, रात्रभर डोळा लागला नसावा असा.

"इकडे ये," मी म्हणाले.

तो आला. का आला कोण जाणे. मी पेला त्याच्या नाकाखाली धरला.

"काय आहे?"

तो कितीतरी वेळ वाकून राहिला. "गोळी," तो म्हणाला.

"आणि गोळीच्या खाली? लपवायला खायचा म्हणालास ना? काय लपवलंय, सांग."

"काही नाही."

"नीट बघ. दारू आहे?"

"नाही."

"त्यांच्याकडे बघून सांग."

इव्हरनं ऐल्साकडे पाहिलं, मग डूगलकडे. "हेक्टर प्यायलेला नव्हता," तो म्हणाला. "पट्ट्याचं त्यानं मला सांगितलं होतं."

डूगलनं टोपी काढली. "कागदावर दे हे," तो म्हणाला. इव्हरनं मान डोलावली. मी पेला खाली ठेवला आणि चकती पुन्हा झाकली. काच स्वच्छ होती आणि मग ती स्वच्छच राहिली.

एवढ्या वर्षांनी ते ऐकून मला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. मला अजून त्याच्या तोंडात मारावंसं वाटत होतं.

इव्हर खिडकीपाशी गेला आणि गार काचेला कपाळ टेकून उभा राहिला. धाप लागल्यासारखा तोंडानं श्वास घेत होता, खोलीभर ऐकू येईल एवढ्या जोरानं. डूगल त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. डूगलच्या तोंडासमोर काचेवर वाफेचा गोल धरला, विरला, पुन्हा धरला.

इव्हरच्या तोंडासमोरची काच लख्ख होती. तिच्यातून पार धक्क्यापर्यंत दिसत होतं.