हरीशला परवानगी

कुरुंद्यात हळद शिजायचे दिवस होते. कढयांची वाफ सबंध गावावर बसलेली. त्या कडसर वासातून चालत प्रतिक्षा भर दुपारी हळद कंपनीच्या गोदामामागच्या खोलीत आली. काम किरकोळ होतं. नांदेडच्या माणसाला तिथं बसून इथला सर्व्हर चालवता यावा, म्हणून बाहेरच्यांना अडवणाऱ्या फायरवॉलमध्ये त्याच्या संगणकाच्या पत्त्याला परवानगी द्यायची.

मागोमाग दगडोबाकाका आले. कंपनीचे अध्यक्ष, आणि वडील गेल्यापासून घरातही अध्यक्षच.

"हरीशचं नाव काढून टाक त्यातून."

"काहून?"

"वर्षश्राद्ध झालं, पोरी. मोकळं कर त्याला."

"मी काय दाव्यानं बांधून ठेवलाय त्याला, काका? तुमी सगळ्यांनी त्याचं नाव घेणं सोडलं, तेवढं बास न्हाई का?"

"आईवर गेलीस," म्हणून काका निघून गेले.

हा सर्व्हर हरीशनं, तिच्या मोठ्या भावानं, उभा केला होता. घरून लॅपटॉपवर तो रोज आत यायचा. कनेरगाव नाक्याजवळ त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली, आणि त्यानंतर बाहेरून आत यायची वाटच बंद केली गेली.

प्रतिक्षानं परवानगीची यादी उघडली. एकच ओळ होती: हरीश, घरचा लॅपटॉप. तिनं खाली नांदेडचा पत्ता घातला. हरीशची ओळ तशीच ठेवली आणि वाट चालू केली.

सर्व्हरचा पंखा घरघरत होता. पडद्यावर अक्षरं उमटली: हरीश आत आला आहे.

तिला आधी रागच आला. तिनं घरी फोन लावला. "आई, दादाचा लॅपटॉप कुणी काढला?"

"कुणी न्हाई गं. कपाटात हाय, त्याच्या शर्टांखाली."

"हात लावून बघ."

कपाट करकरलं. शर्ट बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"गरम लागून राहिलाय गं... ताप आलेल्या लेकरावानी."

"चालू आहे?"

"झाकण बंद हाय. चार्जर तर मागल्या वर्षीच तू नेला होतास." आईचा आवाज अगदी खाली गेला. "असू दे. मी बसते जरा त्याच्यापाशी..."

एक बटण दाबलं की वाट बंद झाली असती. प्रतिक्षाचं बोट त्यावरच होतं. ते तिनं उचललं आणि लिहिलं: दादा?

खोलीतला हळदीचा वास विरत गेला. त्याच्या जागी पेट्रोलचा आला, तापलेल्या डांबराचा आला.

जेवलास का? तिनं लिहिलं.

मग यादी हलली. कुणीतरी एकेक अक्षर करत नवी ओळ लिहीत होतं: प्रतिक्षा. इथून तिकडे. परवानगी आहे.

तिच्यासमोर एक चौकट उघडली. वर तिचं नाव, खाली पासवर्डची रिकामी जागा.

वायर पायापाशीच होती. ओढली असती तर सगळंच विझलं असतं. पण वर्षभर घरातलं एकही माणूस तिला म्हणालं नव्हतं, की ये, त्याच्याबद्दल बोलू. तिनं दोन्ही हात मांडीवर दाबून धरले आणि वाट पाहिली.

चौकटीत एक काळा ठिपका उमटला. मग दुसरा. कुणालाही न सांगितलेला तिचा पासवर्ड कुणीतरी सावकाश, न अडखळता भरत होतं...