अकरा वलयं

खोटं वाटेल, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं आहे. गेल्या थंडीत, एका सोमवारी, भर दुपारी तीन वाजता, तिच्या प्रयोगशाळेत.

मावशी जुन्या इमारतींच्या लाकडाचं वय काढते. पोकळ गिरमिटानं तुळईतून पेन्सिलीएवढी कांडी काढायची, पट्टीवर चिकटवायची आणि भिंगाखाली वलयं मोजायची. एका वलयाचं एक वर्ष. दर दहाव्या वलयावर टाचणीनं एक टोचा.

सात वर्षांपूर्वी एका जुन्या धान्यकोठाराचं वय तिनं अकरा वर्षांनी कमी काढलं. चारचौघांत शोभा झाली. प्रमुखपद हातातून गेलं आणि मिळालं शेजारच्या टेबलावरच्या जिवलग मैत्रिणीला.

"चुकतं गं माणूस," म्हणत तीच मावशीला कुशीत घेऊन रडली होती.

ती मैत्रीण महिन्यापूर्वी वारली. त्या सोमवारी मावशी तिचा खण आवरत होती.

टाचण्यांच्या डबीत नखाएवढा लाकडाचा तुकडा निघाला. का जपला होता, देव जाणे.

मावशीनं तो भिंगाखाली धरला. वलयं मोजली...

अकरा.

तिला आठवलं. कोठाराची कांडी काढतानाच मोडली होती. "तू जा घरी, मी चिकटवते," असं मैत्रीणच म्हणाली होती.

मावशीनं कपाटातून ती कांडी काढली, पात्यानं जोड उकलला. तुकडा मधोमध चपखल बसला.

"आणि मेली माझ्याच गळ्यात पडून रडली!"

सगळं तसंच ठेवून ती संस्थेच्या साहेबांना बोलवायला दाराकडे वळली.

टच्...

टाचणी लाकडात रुतावी तसा आवाज.

टच्... टच्...

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तिनं मागे पाहिलं. तुकडा गायब. कांडीचे दोन्ही भाग पुन्हा जुळलेले. जोडावर सरस होता... ओला, कोमट.

भीती नंतर वाटली, असं मावशी सांगते. आधी रडू फुटलं.

"अगं, जिवंतपणी केलंस ते केलंस. आता तुला काय मिळणार आहे?"

मैत्रिणीची रिकामी खुर्ची हळूच पुढे सरकली... कुणी कामाला बसावं तशी.

साहेब आले. कांडी पाहिली, मावशीचं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, गेलेल्या माणसावर असा आळ घेऊ नये. किती जीव होता त्यांचा तुमच्यावर!"

 मावशी दाखवणार तरी काय?

तेव्हापासून कुणी मायेनं जवळ घेतलं की तिचं अंग ताठ होतं.

मी घेतलं तरी.